पाहुण्याची खुंटी

खुंटी अजून घट्ट होती. सुतान सातीने ती अंगठ्याने दाबून पाहिली, हलवून पाहिली — जरा ढिली झाली असती तर उपटून खिशात टाकली असती, उगाच — पण फणसाचं लाकूड, त्यानेच तासलेलं, लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात ठोकलेलं... हातोड्याचा आवाज ऐकून सासू पडद्याआडून म्हणाली होती, "अगं यूस्नी, जावई आणलाय की सुतार? पाहुणा कधी भिंती ठोकतो का?" आणि यूस्नी तोंडाला ओढणी लावून हसली होती.

ती खोली टोकाची, नव्या नवरीची. मग यूस्नीच्या बहिणींची लग्नं होत गेली, तशी ही दोघं एकेक खोली अलीकडे सरकत आली, आणि दर वेळी त्याने खुंटी काढून नव्या भिंतीत ठोकली. मागे भोकं राहिली. आता ही शेवटची खोली, चुलीला लागून — यापुढे सरकायला जागाच नाही. घर बांधलं यूस्नीच्या पणजीने, मग ते आजीचं, मग आईचं, मग यूस्नीचं, आणि आता यूस्नी गेल्यावर देस्मीचं, त्याच्या लेकीचं. सुमात्रातल्या मिनांग माणसाला यात नवल वाटत नाही. मुलगे मोठे झाले की झोपायला नमाजघरात जायचे, नवरे संध्याकाळी यायचे आणि सकाळी जायचे. शिंगांसारख्या त्या छपराचे पत्रे त्याने दोनदा बदलले होते, तरी जावई म्हणजे जळक्या बुंध्यावरची राख, वारा आला की गेली... आणि बायको मेली की नवरा आईच्या घरी परततो. आई नव्हती. बहीणही नव्हती. बहिणीची मुलगी युल्फा होती, ती दुपारी न्यायला येणार होती.

त्याला जायचं नव्हतं. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं तरी कसं? लेकीच्या दारात बाप भीक मागणार का! तिने म्हणावं. एवढंच हवं होतं, की तिने एकदा म्हणावं.

स्वयंपाकघरात देस्मी नारळाच्या दुधात फणस शिजवत होती. तो दारात येऊन उभा राहिला.

"अपा," पाठ न वळवता ती म्हणाली, "इथेच राहता का? आईच्या भावांशी मी बोलेन, घरात त्यांचाच शब्द चालतो. लोक बोलतील चार दिवस, बोलू देत."

तिने म्हटलं होतं. आणि तोंडातून निघालं — जन्माची खोड मेली — "छे छे, कशाला? युल्फा येतेय ना. तुम्हाला उगाच त्रास."

तिच्या हातातला डाव भांड्यात थांबला. "बरं," ती म्हणाली. "तुम्ही म्हणाल तसं."

तो हललाच नाही. पहिल्यांदा नाही म्हणायचं, ही तर रीतच. सासू भात वाढायला आली की तो हात आडवा धरायचा, सासू म्हणायची, "घ्या हो सुतान, लाजता काय?", मग तो हात काढायचा. आयुष्यभर हेच. दुसऱ्यांदा विचारतील, तेव्हा हो म्हणायचं... जेवताना विचारेल. जेवताना तिने भात वाढला, फणस वाढला. "आणखी?" तिने विचारलं. "नको," तो म्हणाला, आणि तिने भांडं उचलून नेलं. लहानपणापासून ती अशीच. जत्रेला जाऊ का विचारायची, त्याने नाही म्हटलं की मुकाट परत फिरायची. कधी दुसऱ्यांदा विचारलं नाही पोरीने.

युल्फा गाडी घेऊन आली ती ओरडतच. "चला मामा! पुढच्या खोलीतली खाट झाडून ठेवलीय. आमचा नवरा घोरतो, आधीच सांगून ठेवते. तोही तुमच्यासारखाच, बायकोच्या घरचा पाहुणा, चालवून घ्या!"

त्याने ट्रंक उचलली. खुंटी भिंतीतच राहू दिली.

खांबांवरच्या त्या घराची शिडी उतरून देस्मी खालच्या पायरीपर्यंत आली. डोळे लाल झाले होते, फणसाला धूर फार होतो म्हणाली. "गोळ्या वेळेवर घ्या, अपा." तिने वाकून त्याचा हात कपाळाला लावला, आणि तेव्हा कुठे, त्या ओल्या कपाळाच्या स्पर्शाने, त्याला उमगलं — दुसऱ्यांदा पाहुण्याला विचारतात. बापाने नाही म्हटलं की ते नाहीच. या घरात एक माणूस असं होतं ज्याने त्याला कधीच पाहुणा धरलं नव्हतं, आणि तो मात्र आज, तिच्याशीसुद्धा... अरे देवा.

गाडी सुटली. काचेत देस्मी लहान होत गेली, पायरीवरून हलली नाही. थांबव, म्हणायला त्याने तोंड उघडलं.

"काय झालं, मामा?" युल्फाने विचारलं. "काही राहिलं का मागे?"

"नाही," तो म्हणाला, आणि तिने पुन्हा विचारावं म्हणून वाट पाहत राहिला.