दारातला बूट

एश्रेफला जुळ्या मुली झाल्या तो हिवाळा १९८४ चा. आमच्या सारायेव्होत त्या फेब्रुवारीत हिवाळी खेळांच्या जागतिक स्पर्धेसाठी जगभरचे खेळाडू आले. घरोघरी पाहुण्यांसाठी खोल्या रंगवल्या, पडदे धुतले. एश्रेफनेही एक खोली दिली होती.

पण मंडळी, पडदे धुणारा हा भला माणूस आपल्या सख्ख्या बहिणीला लपवत होता.

मुबेराचा डावा पाय लहानपणीच्या पोलिओने आखूड राहिलेला. पाहुणा आला की तिने मागच्या खोलीत जायचं, हा घरचा नियमच. एकटीने रेडिओवरून आणि जुन्या पुस्तकांतून ती जर्मन शिकली होती, परीक्षाही पास झाली होती. स्केंदेरियाच्या क्रीडासंकुलात पाहुण्यांच्या मदतीच्या खिडकीवर तिची निवड झाल्याचं पत्र आलं. सोमवारपर्यंत हजर झाली नाही, तर जागा दुसऱ्याला.

एश्रेफ म्हणाला, "सगळ्या जगापुढे लंगडत उभी राहणार? नाही म्हणजे नाही."

"दादा, खिडकीत पाय दिसत नाही. तोंड दिसतं."

"उलट बोलू नकोस!"

उद्‌घाटनाच्या दुसऱ्या दिवशी बर्फ असा कोसळला की ट्राम दिसेनात. सगळी गल्ली फावडी घेऊन बाहेर पडली. एश्रेफ आत झोपलेला पाहून मुबेराही उतरली. शेजारचे साबितकाका मोची होते. तिचे बूट तेच शिवत. तेवढ्यात एश्रेफ धावत आला.

"मुबेरा, घरात! पाहुण्याची गाडी येईल आता!"

साबितकाकांनी फावडं रोवलं. "का रे, पाहुणा काय तिला खाणार आहे?"

"काका, तुम्ही मध्ये पडू नका. लोक काय म्हणतील?"

"लोक फावडी मारताहेत, त्यांना वेळ नाही. लेका, तिच्या बुटाला मी चार बोटं तळ वाढवला. तुझ्या अकलेला किती वाढवू, सांग!"

गल्ली हसली. एश्रेफ लाल झाला. मुबेरा मान खाली घालून आत गेली.

पाहुणा आला. जर्मन बोलणाऱ्या टिरोल प्रांताचे राइनर, साठीचे, जाड मिशांचे. त्यांना आमची भाषा येईना आणि एश्रेफला जर्मनमधलं "गुट, गुट" सोडून काही येईना. सामान घेऊन साबितकाकाही मागोमाग आले. आमच्याकडे कोणीही बूट घालून घरात जात नाही. पाहुण्यांनीही दारात वाकून बूट काढले आणि तसेच वाकून राहिले. समोर जाड तळाचा एक बूट होता, शेजारी त्याचा साध्या तळाचा जोडीदार.

माणूस लपवला, पण बूट दारातच राहिला! एश्रेफला सुचलंच नाही. बूट घरात लपवायचा असतो, हे आमच्यापैकी कोणाला सुचणार?

राइनरनी बुटाकडे बोट दाखवलं. एश्रेफने घाईघाईने आभाळाकडे हात केला, डोळे मिटले. म्हणजे बूट बाबांचा, बाबा गेले.

राइनरनी तळाला बोट लावलं. ओलं झालं. तळाला ताजा बर्फ चिकटलेला होता.

"तुझे बाबा आज बर्फ काढायला आले होते वाटतं," साबितकाका म्हणाले.

तेवढ्यात मागच्या खोलीचं दार धाडकन उघडलं. मुबेरा सगळ्यांसमोर लंगडत आली आणि स्वच्छ जर्मनमध्ये म्हणाली, "बूट माझा आहे. मी यांची बहीण."

राइनर सरळ उभे राहिले. मग भरभरून बोलू लागले. मुबेरा ऐकता ऐकता भिंतीला टेकली.

"काय म्हणतोय?" एश्रेफने विचारलं.

"म्हणतात, त्यांच्या मुलाला, किलियानला, एकच पाय आहे. शनिवारी तो ब्येलाश्नित्सा डोंगरावरून बर्फावर घसरत येणार आहे. तेच बघायला ते आलेत. म्हणतात, आपण सगळ्यांनी चला."

एश्रेफची बायको राझिया कॉफी घेऊन आली. तिने चार कप आणले होते. नवऱ्याला न विचारता पाचवा मुबेरासाठी आणला.

शनिवारी आम्ही डोंगरावर होतो. एका पायावर, दोन्ही हातांत टोकाला घसरायच्या छोट्या पट्ट्या लावलेल्या काठ्या घेऊन पोरं वरून सुसाट येत होती. किलियान मध्येच पडला. अरे देवा! पण काठी रोवून उठला आणि खाली आला. पहिला नाही आला. पण गर्दीने असा जयघोष केला की डोंगर दणाणला! राइनर रडत हसत ओरडत होते, "माझा मुलगा! तो माझा मुलगा!"

एश्रेफ साबितकाकांकडे वळला. म्हणाला, "काका, हा माणूस सगळ्या जगाला दाखवतोय... आणि मी?"

साबितकाकांनी या वेळी टोमणा मारला नाही. "तू सोमवारी ट्राममध्ये तिच्या शेजारी बस. पुष्कळ झालं," एवढंच म्हणाले.

सोमवारी एश्रेफ बसला. समोरची बाई मुबेराच्या पायाकडे टक लावून बघू लागली, तेव्हा तो सगळ्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "माझी बहीण! कामावर चाललीय. जर्मन बोलते!"

त्या आठवड्यात स्केंदेरियाच्या खिडकीपुढे सगळ्यांत लांब रांग मुबेराची होती. परके लोक तिचं नाव विचारून जात होते. आमच्या गावाने पदकं दुसऱ्यांच्या गळ्यात घातली, पण हा विजय आमचा होता!

मंडळी, शरीरातलं व्यंग ही घराची लाज नव्हे. माणसाला दाराआड ठेवणं, ही लाज आहे. तुमच्या मागच्या खोलीत कोणी बसलं असेल, तर आजच दार उघडा.

साबितकाका १९८८ च्या ऑक्टोबरात वारले; तोवर मुबेराचे बूट तेच शिवत होते.