तिरक्या पट्ट्यावरची जागा

मी एक जुनी, तिरक्या पट्ट्याची सतरंजी आहे, मित्रांनो. जयपुरात मला सगळे दरी म्हणतात. सतरंजी हे नाव मला शाळेतल्या संपदा नावाच्या मराठी मुलीने दिलं आणि मला ते भारी आवडलं. मराठीही मी तिच्याकडूनच शिकले, त्यामुळे मध्येच एखादा हिंदी शब्द घुसला तर चालवून घ्या.

माझा जन्म सीतापुऱ्यातल्या एका कारखान्यातला. मी परदेशी जाणार होते म्हणे! पण दुपारच्या उन्हात विणणाऱ्याला डुलकी लागली आणि माझा एक निळा पट्टा तिरका गेला. त्याचं अर्धवट स्वप्न माझ्या सुतात उतरलं असावं. आजही ऊन अंगावर आलं की मी अर्धी जागी, अर्धी झोपेत असते. तिरक्या पट्ट्यामुळे परदेश हुकला आणि मी बनी पार्कजवळच्या एका सरकारी शाळेत आले.

रोज सकाळी मला कडुलिंबाखाली अंथरायचे. कबुतरं घुमायची, ऊन हळूहळू सरकत यायचं आणि मुलं मांडी घालून सरस्वतीची प्रार्थना म्हणायची. इतक्या गळ्यांचा सूर अंगावरून गेला की आपण जमिनीवरून वीतभर वर तरंगतोय असं मला वाटायचं. काय सांगू, तेवढ्यासाठी मी रोज सकाळची वाट पाहायचे.

संपदा बसायची त्या तिरक्या पट्ट्यावर. तिचे बाबा, दशरथ, रेल्वेत होते. भुसावळहून बदली होऊन आलेले. घर बौद्ध. प्रार्थनेच्या वेळी संपदा हात जोडायची नाही, ओठ हलवायची नाही. डोळे मिटून शांत बसायची. पण तिचं उजवं बोट! ते माझ्यावर हलकेच ठेका धरायचं. शब्द तिचे नव्हते, चाल मात्र तिला जिवापाड आवडायची. तो ठेका माझ्यातून शेजारच्या सलोनीच्या गुडघ्यापर्यंत पोचायचा आणि तिथून सगळ्या रांगेत जायचा.

एक दिवस प्रार्थना घेणाऱ्या जयंती मॅडमचं लक्ष तिच्या मिटलेल्या ओठांकडे गेलं. बाई मनाने वाईट नव्हत्या हो. त्यांनी दशरथांना बोलावून घेतलं. दोघं हिंदीत बोलले, मी आपलं माझ्या मराठीत सांगते.

"मॅडमजी, आमच्या घरी एवढंच शिकवतो," दशरथ म्हणाले. "दुसऱ्याच्या देवाला नावं ठेवायची नाहीत, आणि मनात नसलेलं तोंडाने म्हणायचं नाही. पोरगी गप्प बसेल. फक्त सगळ्यांत बसू द्या."

"छे छे, जबरदस्ती कोण करतंय?" मॅडम म्हणाल्या. "प्रार्थना होईपर्यंत ती आरामात व्हरांड्यात बसेल. तिला अवघडल्यासारखं नको व्हायला."

झालं! भलं करायला गेल्या आणि पोरीला उठवून बसल्या. दुसऱ्या दिवसापासून संपदा व्हरांड्याच्या पायरीवर एकटी, आणि माझा तिरका पट्टा रिकामा. प्रार्थना संपल्यावर मला गुंडाळायला आली, तेव्हा हळूच म्हणाली, "सतरंजी, मी काय केलं गं? मतलब, मी वाईट आहे का?" माझा जीव तुटला. पण सतरंजी बोलणार कशी?

इकडे प्रार्थनेची पार घसरगुंडी झाली. पुढची मुलं चालीत पुढे पळायची, मागची रेंगाळायची. मॅडम रोज रागवायच्या, हातावर हात आपटून ठेका दाखवायच्या. काही उपयोग नाही. शेवटी सलोनीच उठून म्हणाली, "मॅडम, संपदा नहीं है ना! ठेका तीच द्यायची, बोटाने."

मॅडम चकित झाल्या. व्हरांड्यापाशी जाऊन त्यांनी हात पुढे केला. "चल बेटा. म्हणू नकोस काही. नुसता ठेका धर."

आता पोर धावत येणार, असं मला वाटलं. पण संपदा जागची हलली नाही. तिने मान वर करून विचारलं, "और ठेका नहीं दिया तो? तरीही बसू का मी तिथे?"

मॅडमचे डोळे भरून आले. "हो," त्या म्हणाल्या. "तरीही बस. चूक माझी झाली." आणि नेहमी उभ्या राहणाऱ्या मॅडम त्या दिवशी तिच्याबरोबर येऊन माझ्यावर मांडी घालून बसल्या.

संपदाने त्या सकाळी ठेका दिला नाही. हात मांडीवर, डोळे मिटलेले. प्रार्थना वेडीवाकडीच झाली, आणि कुणीही रागावलं नाही. मी मात्र सुखाने तरंगत होते. पुढे केव्हातरी तिचं बोट आपसूक माझ्यावर परत आलं.

पुढे दशरथांची बदली झाली, संपदा गेली. मी विरले, किनारीचे धागे सुटले. मला रफू करा, उन्हात वाळवा, ओली गुंडाळू नका, एवढं तर मी मागणारच. पण आणखी एक मागणं आहे, मित्रांनो. उद्या कुणी तुमच्यासारखी प्रार्थना न म्हणता नुसतं येऊन उभं राहिलं, तर त्याला व्हरांडा दाखवू नका. थोडं सरकून बसा. माझ्यावर जागा आहे.