अंगठ्याखाली

“हाय! नाडी हाय, काकू!”

दैवशाला असं म्हणाली आणि उषाबाईंचं रडणं जागच्या जागी थांबलं. मी उंबऱ्याबाहेर नाकाला उपरणं लावून उभा होतो. खोटं कशाला बोलू, आत पाऊल टाकायची माझी छाती नव्हती.

दैवशाला माझी पुतणी. डॉक्टरीला नंबर लागला आणि पाठोपाठ कोरोनाची दुसरी लाट आली, कॉलेजला कुलूप. मग बाईसाहेबांचं कॉलेज आमच्या गच्चीवर, टाकीच्या सावलीत. आमच्या वाटूर गावात धड रेंज तिथंच यायची. मोबाईलवर सर हाडं दाखवायचे, हृदयाचे ठोके ऐकवायचे. मध्येच चित्र गोठायचं आणि सरांचं तोंड उघडंच राहायचं. नाडी बघायची रीत ती तशीच शिकली. घरातल्या एकेकाचं मनगट धरून तिनं सराव केला. “नाना, घोड्यासारखे हायत तुमी,” मला म्हणायची. मी आपला खूश.

शेजारचा कडूबा बोअरच्या मोटारी दुरुस्त करायचा. आठवडाभर तापानं फणफणत होता, पण दवाखान्याचं नाव काढू देत नव्हता. “तिथून माणूस प्लास्टिकात येतो,” हेच तुणतुणं. त्या दुपारी त्याच्या बायकोनं, उषाबाईंनी, “कुणी तरी या वो” असा टाहो फोडला, तर गल्लीतली दारं पटापट लागली. शेजारधर्म गेला खड्ड्यात! एकटी दैवशाला मास्क बांधून धावली, म्हणून लाजेकाजेनं मी मागून गेलो.

“जल्दी गाडी सांगा, नाना,” ती म्हणाली. मी फोनवर फोन लावले. ॲम्ब्युलन्स रिकामी नव्हती, जीपवाला ‘कोरोना’ ऐकताच फोन ठेवायचा. उषाबाईंनी मात्र पुण्याच्या पोराला कळवूनही टाकलं, “राधेश्याम, तुझा बाप बराबर हाय रे, डॉक्टरीन बसली हाय जवळ.” आणि चुलीवर पेज ठेवायला मागच्या खोलीत गेल्या.

घरात आवाज म्हणून नव्हता. बाजेवर कडूबा, डोळे अर्धे उघडे. ओठावर माशी बसली होती, ती उठेना.

“छाती हालताना दिसंना गं,” मी म्हणालो.

“मलाबी दिसंना. हात पार गार पडलाय. पण नाडी लागून राह्यली, नाना. चांगली लागून राह्यली.”

थोड्या वेळानं तिचा आवाज बदलला. “ठोके वाढले.”

“मग चांगलंच की!”

“मी घाबरले की वाढतात. तुमच्याशी बोलले की कमी होतात.”

ती उठली. जिथं उभी होती तिथंच तिनं अंगठा मातीच्या भिंतीवर दाबून धरला. मग माझ्याकडे पाहिलं. तसं पाहणं देवानं वैऱ्यालाही दाखवू नये.

“नाना, भिंतीलाबी नाडी हाय.”

तिनं समजावलं तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. नाडी बोटांनी बघायची असते. अंगठ्याला स्वतःचाच ठोका असतो, तोच लागत राहतो. चिमुकल्या पडद्यावर तिला सरांचा अंगठा तेवढा दिसला होता, खालची बोटं दिसलीच नव्हती. आम्ही सगळे जिवंत, त्यामुळं चूक कुणाच्याच ध्यानात आली नाही. तिनं मग तीन बोटं कडूबाच्या मनगटावर ठेवली, गळ्याशी ठेवली, छातीला कान लावला. कुठं काही नव्हतं.

उषाबाई पेजेची वाटी घेऊन आल्या. पदरानं वाफ सारत म्हणाल्या, “उठवू का गं यान्ला?”

मला वाटलं, पोरगी पळून जाईल. मी तर पळालोच असतो. ती गेली नाही.

“काकू, काका गेलेत. मी यायच्या आधीच गेल्ते.”

“आत्ता तर नाडी व्हती म्हणलीस!”

“ती माझी व्हती, काकू. माझ्या अंगठ्यातली. मला बघता आली न्हाई.” आणि ती मास्कवर हात दाबून, आवाज न करता रडू लागली.

उषाबाई ओरडतील, शिव्याशाप देतील म्हणून मी पुढं सरकलो. त्यांनी वाटी खाली ठेवली. नवऱ्याच्या पायाशी बसून त्याची पावलं गोधडीनं झाकली. बाहेर बंद दारांआडून सगळी गल्ली कान देऊन ऐकत होती.

“धर पोरी अजून जरासं,” त्या हळूच म्हणाल्या. “तुझी तर तुझी. मी रडले की लोकान्ला कळंल, अन् यान्ला प्लास्टिकात घालून घेऊन जातील.”

दैवशालानं डोळे पुसले, कडूबाचा हात मांडीवर घेतला आणि पुन्हा अंगठाच टेकवला.