शंभरावं नाव

"पण त्यात मी आहे का, ते आधी सांगा!"

कलकत्त्याजवळच्या बजबजच्या ज्यूट गिरणीतले नारायणराव चहाची बशी हातात धरूनच आमच्या ह्यांच्यावर घसरले. हे, म्हणजे श्यामकांत, रेल्वेच्या कचेरीत कारकून आणि अकरा वर्षं एका कादंबरीचे धनी.

"नाही," हे म्हणाले.

"मग मी कशाला वर्गणी भरू?"

अस्सा राग आला मला! 'बघा, सापडाल कुठंतरी' एवढं म्हणायला जीभ झिजते का? पण खोटं बोलायचं नाही म्हणजे नाही. आदल्या रविवारी शेजारच्या सुचित्राबाईंनीही हेच विचारलं होतं. हे 'नाही' म्हणताच त्या म्हणाल्या, "सुटले बाई! लिहा माझं नाव."

पुण्याच्या प्रकाशकानं कळवलं होतं, शंभर ग्राहक आगाऊ मिळवून द्या, मग पुस्तक छापतो, सगळ्यांची नावं शेवटी घालतो. मार्चअखेर जमलं नाही तर हस्तलिखित परत. कलकत्त्यात शंभर मराठी ग्राहक! एस्प्लनेडच्या बँकेतले साहेब झाले, सियालदहचे मास्तर झाले, मराठी मंडळाच्या हळदीकुंकवातल्या बायका झाल्या. सगळं शहर पालथं घातलं, तरी गाडी नव्याण्णवावर अडली. मार्चचे चार दिवस उरले होते.

परतीच्या गाडीत मी म्हटलं, "माझंच नाव घाला ना."

"घरचं नाव घालून शंभर करायचे? ती फसवणूक झाली."

"अहो, पण मला वाचायचीय! अकरा वर्षं ती वही ट्रंकेत कुलपात. एवढं काय लिहिलंय त्यात?"

"अर्धवट दाखवू नये. छापून आली की वाच."

"आणि नाही छापली तर?"

हे खिडकीबाहेर बघत बसले. चेहरा एवढासा झाला होता. माझा राग कुठल्या कुठे गेला.

दुसऱ्या दिवशी हे कचेरीत गेल्यावर मी पोस्टात गेले. दादानं भाऊबीजेला पाठवलेले पैसे शिल्लक होते, ते माझे स्वतःचे. मनिऑर्डरीच्या फॉर्मवर पाठवणाऱ्याचं नाव लिहायला टाक उचलला आणि हात अडखळला. मग लिहिलं, वृंदा खोपकर. माझं माहेरचं नाव. लग्नात ह्यांनीच ताटातल्या तांदळावर अंगठीनं 'सुनीती' लिहिलं, तेव्हापासून वृंदा म्हणून मला कुणी हाक मारली नव्हती. वीस वर्षं झाली.

आठवड्यानं प्रकाशकाचं पत्र आलं. शंभर पुरे झाले, छपाई सुरू करतो, शेवटची वर्गणी कलकत्त्याहून वृंदा खोपकर यांनी परस्पर पाठवली.

ह्यांनी पत्र दोनदा वाचलं. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला.

"कोण हो ह्या?" मी विचारलं. आता हे 'फसवणूक' म्हणणार आणि पैसे परत करायला लावणार.

"कोण जाणे," हे म्हणाले. "मी नाही ओळखत."

मी बघतच राहिले. नारायणरावांपुढं खोटं बोलायला ज्या माणसाची जीभ वळली नव्हती, तो हाच!

श्रावणात पुस्तकांचा गठ्ठा आला. मंडळात ज्यानं त्यानं पुस्तक मागूनच उघडलं आणि आपलं नाव शोधलं. नारायणराव मात्र उभ्या उभ्या मधली पानं चाळत होते. नाही म्हटलं तरी शंका उरलीच होती त्यांना.

घरी आल्यावर ह्यांनी एक प्रत घेतली, टेबलाशी बसून पहिल्या पानावर काहीतरी लिहिलं आणि स्वयंपाकघरात आले. मी कणीक मळत होते.

"ह्या बाई कधी भेटल्या तर दे," म्हणाले आणि पुस्तक पाटावर ठेवून गेले.

पानावर ह्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'वृंदा खोपकर यांस, सप्रेम.'

मी हात धुतले, पदराला कोरडे केले, चुलीवरचा तवा उतरवला आणि पहिलं पान उघडलं. त्या दिवशी पोळ्यांना फार उशीर झाला. बाहेरच्या खोलीतून एकदाही विचारणा झाली नाही.