वर्गाचा फैलाव

"तुमच्या वर्गाच्या पोरीला चौसष्ट, माझ्या वर्गाच्या पोराला चौऱ्याहत्तर. आता ह्यात बोलायचं काय ऱ्हायलं दाजी?" असं म्हणून ईरण्णा मास्तर उठून उभे राहिले.

हणमंतप्पा मास्तर बसूनच होते. "खाली बस. तू मार्क कसं वाटतूस ते सगळ्या चिटगुप्प्याला ठाव हाय."

"वाटतो. तुमच्यासारखं पोरांच्या तोंडचं काढून घेत न्हाई."

मुख्याध्यापक गुरुपादय्या दोघांच्या मधे बसले होते. दोघांना एकमेकांचं बोलणं टोचलं, तसं त्यांनाही टोचलं, पण त्यांनी ते दाखवलं नाही. ते गुलबर्ग्याकडचे, हैदराबादला शिकलेले. या शाळेत येऊन त्यांना सहा महिने झाले होते आणि या दोन मास्तरांचं भांडण सोडवायची त्यांना आता सवय झाली होती.

भांडण तसं वजिफ्याचं, म्हणजे शिष्यवृत्तीचं होतं. पोलीस ॲक्शननंतर उर्दूची शाळा मोडून तिच्या दोन तुकड्या झाल्या, हणमंतप्पांची मराठी आणि ईरण्णांची कानडी. सातवीनंतर बिदरच्या हायस्कुलात राहून शिकायला सरकार शाळेमागे एकाच मुलाला वजिफा देणार होतं. गणिताचा पेपर दोन्ही तुकड्यांना एकच होता, पण तपासणारे दोन. ईरण्णांच्या हातात उत्तर चुकलं तरी रीत बरोबर असली की निम्मे मार्क मिळत. हणमंतप्पांच्या हातात उत्तर चुकलं की सगळं गणित गेलं. उर्दूच्या काळात त्यांच्या उस्तादांनी त्यांना तसंच तपासलं होतं आणि त्यांनी ते सोडलं नव्हतं.

आणि भांडण तसं वजिफ्याचं नव्हतंही. ईरण्णांची थोरली बहीण लिंगम्मा हणमंतप्पांना दिलेली होती. गेल्या श्रावणात ती तापाने गेली. तिला वेळेवर बिदरच्या दवाखान्यात नेलं नाही, असं ईरण्णांनी माती देतानाच सगळ्यांसमोर बोलून दाखवलं. त्या दिवसापासून दोघं शाळेबाहेर बोलत नव्हते. 'दाजी' हा शब्द ईरण्णांनी ठेवला होता, पण तो ते आता खडा मारावा तसा मारत.

हणमंतप्पांना हा वजिफा म्हाळसासाठी पाहिजे होता. म्हाळसा मायाप्पा धनगराची मुलगी. तिला लिंगम्मानेच वस्तीवरून शाळेत आणलं होतं, मायाप्पाशी चार वेळा भांडून. शेवटच्या दिवसांत तापात बोलता बोलता लिंगम्मा दोनदा म्हणाली होती, म्हाळसाचं तेवढं बघा. मायाप्पाने तर स्पष्टच सांगून ठेवलं होतं, वजिफा मिळाला तर पोरगी शिकंल, न्हाई तर औरादचं स्थळ आलेलं हाय. ईरण्णांच्या तुकडीतला भीमण्णा हा कापडवाल्याचा मुलगा. वजिफा नसला तरी तो शिकणारच होता. पण वजिफा मार्कांवर होता, गरजेवर नव्हता.

हणमंतप्पा म्हणाले, "साहेब, ह्याच्या वर्गात कुणीबी उठतंय अन् साठ मार्क घेतंय. माझ्या वर्गात चौसष्ट म्हंजे काय ते बगा. जो तो आपल्या वर्गाच्या किती वर हाय ते बगावं."

गुरुपादय्यांना हे पटलं. त्यांनी दोन्ही वर्गांची सरासरी काढायला लावली. कानडी तुकडीची बासष्ट आली, मराठी तुकडीची चाळीस. म्हणजे भीमण्णा आपल्या वर्गाच्या बाराने वर होता आणि म्हाळसा चोवीसने.

"दुप्पट," हणमंतप्पा म्हणाले. ते ईरण्णांकडे बघून हसले. सात-आठ महिन्यांत ते पहिल्यांदा हसले होते आणि ते हसणं चांगलं नव्हतं. "आता बोल की. जीभ कुठं गेली?"

ईरण्णांचं तोंड उतरलं. पण गुरुपादय्या मान हलवत होते.

"थांबा मास्तर, एवढ्यावर होत न्हाई," ते म्हणाले. मग त्यांनी दोघांना समजावून सांगितलं. पोळ्याला एका दावणीचे सगळे बैल जवळजवळ एका उंचीचे असले आणि त्यात एक चार बोटं उंच असला, तर तो वेशीतून दिसतो. दुसऱ्या दावणीत काही गोऱ्हे, काही हत्तीएवढे, तिथे चार बोटांचं काय कौतुक? चार बोटं दोन्हीकडे चारच, पण त्यांची किंमत एक नाही. म्हणून नुसतं वर किती ते बघून चालत नाही. वर्ग सरासरीभोवती किती फैलावलेला आहे ते काढायचं आणि त्या फैलावाने भागायचं. मग दोन वर्गांची पोरं एका मापात येतात.

फैलाव कसा काढायचा, असं ईरण्णांनी विचारलं. प्रत्येक पोर सरासरीपासून किती लांब आहे ते बघायचं, गुरुपादय्या म्हणाले. काही वर असतात, काही खाली, नुसती बेरीज केली तर सगळं एकमेकांत जिरून शून्य होतं. म्हणून प्रत्येक अंतराचा वर्ग करायचा, त्या वर्गांची सरासरी काढायची आणि शेवटी तिचं वर्गमूळ घ्यायचं.

दोघे दोन टेबलांवर एकमेकांकडे पाठ करून बसले. हणमंतप्पांना आकडे लिहिताना काही वाटत नव्हतं. पण खालची पोरं आली तसा त्यांचा हात सावकाश चालू लागला. बारा मार्कांच्या मुलाचं अंतर अठ्ठावीस, त्याचा वर्ग सातशे चौऱ्याऐंशी. अशी पाच पोरं होती, सगळी दहा ते वीसच्या मधली. वीस पोरांच्या वर्गाचा सगळा फैलाव जणू त्या पाचांनीच ओढून धरला होता.

ईरण्णांच्या वर्गाचा फैलाव सहा आला. हणमंतप्पांच्या वर्गाचा सोळा.

गुरुपादय्यांनी भागाकार तोंडीच केला. बाराला सहाने भागलं, भीमण्णा दोन. चोवीसला सोळाने भागलं, म्हाळसा दीड.

ईरण्णा हसतील असं हणमंतप्पांना वाटलं होतं. ते हसले नाहीत. ते हणमंतप्पांच्या टेबलाजवळ आले आणि खालच्या पाच नावांवर बोट ठेवून उभे राहिले.

"ही पाच पोरं वळखतो मी," ते म्हणाले. "सहावीत ह्यांना पस्तिसाच्या खाली मार्क नव्हते. कामून नव्हते, ठाव हाय का तुमाला? अक्का रोज सांजच्याला ह्यांना भाकर घालून पाढे म्हणून घ्यायची. तुमी आत पेपर तपासत बसायचा. तुमाला वाटायचं, वर्ग तुमी शिकवायलाव."

हणमंतप्पांना ते ठाऊक नव्हतं असं नाही. बाहेरून पाढ्यांचा आवाज यायचा आणि आपण दार लोटून घ्यायचो, एवढं त्यांना आठवत होतं. त्या आवाजाची एवढी किंमत असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. चाळीसच्या खाली पसरलेले ते आकडे म्हणजे लिंगम्मा नसणं होतं. आता ते कुणालाही मोजता येत होतं.

गुरुपादय्यांना या घरच्या गोष्टीत पडायचं नव्हतं. त्यांनी हजेरी बघितली आणि हळूच सांगितलं, ही पाच पोरं दिवाळीपासून शाळेत जवळजवळ आलेलीच नाहीत, नुसती परीक्षेला बसली. कायद्याने ती वर्गातून वजा करता येतात. मास्तरांनी तसं लिहून द्यावं.

हणमंतप्पांनी पेन्सिल उचलली. पाच नावं सोडून पुन्हा हिशेब केला. सरासरी अठ्ठेचाळीसच्या पुढे गेली, फैलाव सहावर आला. म्हाळसा अडीच.

"अडीच," गुरुपादय्या म्हणाले. "वजिफा तिचा."

ईरण्णा खिडकीकडे तोंड करून उभे होते. तसेच उभे राहून ते म्हणाले, "काढा की दाजी. माजी बहीण गेली, तिची पोरंबी जाऊ द्या. मागं काई ठिवू नका."

हणमंतप्पांनी पेन्सिल खाली ठेवली. लिंगम्माने म्हाळसाचं बघा म्हणून सांगितलं होतं. या पाचांचं सांगितलं नव्हतं, कारण त्यांचं कुणाला सांगावं लागेल असं तिला वाटलंच नसेल.

"न्हाई साहेब," ते शेवटी म्हणाले. "पाचीबी माज्या वर्गातली हायेत. ऱ्हाऊ द्या."

गुरुपादय्यांनी भीमण्णाचं नाव लिहिलं. ईरण्णा दारातून बाहेर पडले. जाताना त्यांनी हणमंतप्पांकडे बघितलं नाही. एवढ्याने त्या दोघांत काही मिटणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हणमंतप्पा वस्तीवर गेले. दुसऱ्या कुणाकडून निरोप जावा असं त्यांना वाटलं नाही. मायाप्पा कुत्र्यांना आवरत बाहेर आला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "म्हंजे तुमच्या हातात हुतं, अन् तुमी सोडलं?"

"व्हय."

मायाप्पा थुंकला. "मग इथं कशाला आलाव मास्तर? औरादच्या पावण्यांना सांगावा धाडायचा हाय मला." तो पाठ फिरवून आत गेला.

म्हाळसा वाघुरीची जाळी उघडून मेंढरं बाहेर काढत होती. तिने बापाचं बोलणं ऐकलं होतं. काठी काखेत धरून ती मास्तरांसमोर येऊन उभी राहिली. रडत नव्हती.

"किती कमी पडले?" तिने विचारलं.

"अर्धा."

"अर्धा मार्क?"

मार्क नाही, असं म्हणून हणमंतप्पा तिथेच खाली बसले आणि त्यांनी तिला सांगितलं. सरासरी सांगितली, फैलाव सांगितला, भागाकार सांगितला. ती लक्ष देऊन ऐकत होती. वर्गमूळ कशाला, असं तिने मधेच विचारलं आणि त्यांनी तेही सांगितलं. तिला एका ऐकण्यात कळलं. या वर्षात त्यांनी कुणाला इतकं नीट शिकवलं नव्हतं.

"म्हंजे ती पाच पोरं कच्ची ऱ्हायली म्हणून मी ऱ्हायले," ती म्हणाली.

"व्हय."

"त्यांला कच्ची कुणी ठिवली?"

हणमंतप्पा उठले. धोतराची माती झटकायला त्यांनी हात नेला आणि तो तसाच राहिला. म्हाळसाने उत्तराची वाट बघितली नाही. तिने मेंढरांना हाळी दिली आणि ती माळाच्या वाटेला लागली.

ओढ्याच्या चढाला कळप पुढे गेला आणि तीन मेंढरं मागे राहिली, एक लंगडं आणि दोन नुकती व्यालेली. म्हाळसा रागाने चालत होती, तरी ती थांबली. पुढचा कळप तिने काठी आडवी धरून रोखला. मागची तिन्ही वर येऊन त्यात मिसळेपर्यंत ती तशीच उभी होती. मग सगळी मिळून चढ ओलांडून गेली.