कॅप्सूलमधलं वासरू

माझी वहिनी वदीदा टोमणे मारायची थांबली, की आमच्या घरात सगळ्यांच्या पायांखालची जमीन सरकते. एरवी मी भाजी चिरली तर "वन्सं, ही माणसांसाठी की गाढवासाठी?" आणि माझा भाऊ मकराम आरशासमोर जरा रेंगाळला तर "बघा बघा, आहे तेच दिसणार." हे चालू असलं म्हणजे सगळं ठीक. सांधे सुजोत, बोटं वाकेनाशी होवोत. ते दुखणं जुनं आहे, घरातल्या माणसासारखं झालंय. तोंड चालू पाहिजे.

तीन वर्षांपूर्वी ते बंद पडलं होतं. नाताळला अंथरुणाला खिळली ती थेट उन्हाळ्यापर्यंत, भिंतीकडे तोंड करून. मग मिन्या शहरातल्या डॉक्टरांनी सांध्यांच्या गोळ्यांबरोबर मनासाठी एक लाल-पांढरी कॅप्सूल सुरू केली. बऱ्याच दिवसांनी एका सकाळी तिनं मला विचारलं, "वन्सं, हा चहा आहे की कालव्याचं पाणी?" मी तिथल्या तिथे कुमारी मरियेच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली.

यंदा ईस्टरआधीचा मोठा उपास लागला. मांस नाही, दूध नाही, अंडं नाही. नुसते वाल, मसूर आणि तिळाची चटणी. काही दिवसांत वहिनी गप्प गप्प वाटायला लागली, म्हणून एकदा मी मुद्दाम मसूर करपवले. तिनं मुकाट्यानं खाल्ले.

"वहिनी, करपलेत ते."

"बरे आहेत."

मी तिच्या कपाळाला हात लावून बघितला.

दुसऱ्या दिवशी मसूर निवडताना डब्याच्या तळाशी लाल-पांढऱ्या कॅप्सूल सापडल्या. मी त्या ओंजळीत घेऊन तिच्यापुढे उभी राहिले.

"उपास सुटला की घेईन," ती म्हणाली. "त्याचं वेष्टण गाईच्या हाडांपासून करतात. औषधवाल्या वगीहला खोदून खोदून विचारलं मी."

"आणि सांध्यांच्या गोळ्या?"

"त्या खडूसारख्या. उपासाला चालतात."

"म्हणजे गुडघ्यांना जेवण आणि मनाला उपास?"

"गुडघे डॉक्टरांचे, वन्सं. मन देवाचं. ते तरी औषधाशिवाय त्याच्यापुढे न्यावं म्हटलं."

असं काही देवाला द्यावं, हे मलाही वाटतंच की. पण ती पुन्हा भिंतीकडे वळत होती, तेही मला दिसत होतं.

रविवार आला तो बायबलातल्या हरवलेल्या पोराचा, बापाचा पैसा उधळून परत घरी आलेल्या. आमचे अबूना सिदराक, म्हणजे आमचे बायकापोरांवाले पाद्री, प्रवचन बोलत नाहीत, गातात. अर्धं स्तोत्राच्या चालीवर, अर्धं नाईलवरच्या नावाड्यांच्या. पोरगा डुकरांत बसतो तिथे आवाज खाली जातो, बाप धावत सुटतो तिथे चढतो, आणि पोसलेलं वासरू आलं की असा काही फिरतो, की बायकांच्या बाजूला एक पदर कोरडा राहत नाही. मी दरवर्षीप्रमाणे रडत होते. वदीदा नाही. मी तिला कोपरानं ढोसलं. "ऐकलंस? वासरू!" ती हललीसुद्धा नाही.

प्रार्थना संपल्यावर अबूना चर्चच्या अंगणात आशीर्वादाचा पाव वाटत होते. मी वहिनीला पुढे ढकललं.

"अबूना, हिनं मनाचं औषध सोडलंय. म्हणते, त्यात गाय आहे!"

मागची रांग कान देऊन पुढे सरकली.

"किती गाय?" अबूनांनी गंभीरपणे विचारलं.

वदीदानं करंगळीचं नख दाखवलं.

"अगं, पोरगा घरी आला म्हणून बापानं अख्खं वासरू कापलं. तुझ्यासाठी एवढंसं कापलं, आणि तू दारात उभी राहून म्हणतेस, माझा उपास आहे?"

"पण अबूना, गुडघ्यांचं वेगळं. मन देवाचं..."

"मग गुडघे काय माझ्या सासऱ्यांनी केले?"

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. वदीदा मात्र खाली बघत हळूच म्हणाली, "मला वाटलं, विश्वास पुरेसा असता तर लागलंच नसतं."

अबूनांचा आवाज उतरला. "पोरी, बापानं त्याला विचारलं का, विश्वास किती आणलास? जवळ घेतलं, जेवायला बसवलं." त्यांनी तिच्या हातात पाव ठेवला. "आता तुझं प्रायश्चित्त ऐक. रोज सकाळी कॅप्सूल नणंदेसमोर घ्यायची, आणि दोघींनी मिळून 'प्रभू, दया कर' गायचं. लांब चालीत."

"लांब चालीत? अबूना, कॅप्सूल घशात अडकेल तिच्या!" मी म्हणाले.

"मग आधी गिळू दे."

दुसऱ्या सकाळपासून आम्ही सुरू केलं. म्हणजे, गायले मीच. माझा आवाज देवानं केला तेव्हा बहुधा घाईत होता. वदीदा गिळायची आणि बसून राहायची. एक दिवस तर पांघरुणातूनच हात बाहेर काढून कॅप्सूल घेतली. मी पांघरुणाला गाऊन दाखवलं.

झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या सकाळी ताज्या झावळ्यांचा भारा दारात पडला होता. वहिनीची बोटं सुजलेलीच, त्यामुळे क्रूस विणायला मी बसले. पण आधी कॅप्सूल. तिनं गिळली. मी डोळे मिटून लांब चाल लावली आणि वरच्या सुरावर पोहोचले, तोच ती म्हणाली,

"वन्सं, प्रभूनं दया केली हो. आता तुम्हीही आमच्यावर करा."

मी दुप्पट जोरात गायले.