हीटर घेणाऱ्यांनी कृपया वाचावे

मिस्त्रीचा एक नियम होता आणि तो नामस्मरणासारखा सोपा होता. लाल धागा लोंबतो आहे तोवर वस्तू टेबलावरून हलायची नाही.

जुने हीटर, पंखे, इस्त्र्या असं कुणी टाकून दिलेलं सामान उचलून आणायचं, त्यात जीव घालायचा आणि ऑनलाइन लिलावात विकायचं, हा नवरा-बायकोचा धंदा. घराच्या पुढच्या खोलीत मिस्त्रीचं टेबल. खिडकीखाली बायकोचा कोपरा. तिथे एक पांढरी चादर भिंतीवरून खाली जमिनीपर्यंत सोडलेली असे. वस्तू त्या चादरीवर ठेवून ती फोटो काढी, वर्णन लिही, विचारणाऱ्यांना उत्तरं देई, खोकं बांधी. तिचा भाऊ ट्रक चालवायचा, पण वाद घालण्यात असा पटाईत की घरात त्याला सगळे वकीलच म्हणत. लिलावाचं खातं त्यानंच उघडून दिलं होतं. तो म्हणायचा, भाऊजी, तुम्ही मेलेल्याला उठवता आणि ताई त्याला बोहल्यावर उभं करते.

आता तो धागा. प्रत्येक हीटरच्या पोटात एक बटणाएवढी चकती असते. हीटर प्रमाणाबाहेर तापला की ती टक् करून वीज तोडते. पण नवी कॉइल बसवली की ती वरचं झाकण लावून भरपूर वेळ तापवावी लागते, त्याशिवाय तिचा कोरा वास जात नाही, आणि ही चकती तर मध्येमध्ये तोडत राहते. म्हणून मिस्त्री तेवढ्यापुरता चकतीला वळसा घालून तारेचा एक आखूड तुकडा जोडून द्यायचा. त्या तुकड्याला लाल लोकरीचा धागा बांधायचा आणि धाग्याचं टोक जाळीतून बाहेर सोडायचं. काम झालं की झाकण उघडायचं, तार काढायची, धागा परत खिळ्याला. धागा एकच होता. मिस्त्री म्हणे, दोन ठेवले की माणूस एकावर विसंबतो. ही खूण कशासाठी ते बायकोला मात्र त्यानं कधी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी त्याला दुसऱ्या एका हीटरसाठी धागा हवा होता. खिळा रिकामा होता.

त्यानं टेबलाखाली पाहिलं, खिसे चाचपले. मग खिडकीखालच्या कोपऱ्यात गेला. तिथे बायकोच्या टाचण्यांच्या डबीत धागा नीट गुंडाळून ठेवलेला होता, जशी ती कुठलीही लोकर ठेवते तशी. मिस्त्री तिथेच खाली बसला. त्या डबीसमोर शेवटचा कोणता हीटर उभा होता ते त्याला आठवलं. तपकिरी, बुटका, पितळी जाळीचा. आणि तो तर केव्हाच गेला होता.

तिनं काय केलं असेल ते त्याला डोळ्यांनी पाहिल्यासारखं दिसलं. टेबलावरून हीटर चादरीवर नेला, फोटोत जाळीतून शेपटी लोंबते आहे, बरं दिसत नाही, म्हणून तिनं ती अलगद ओढून काढली. गाठ सैल होती. गाठ तर त्यानंच मारली होती. मग संध्याकाळी त्यानं पाहिलं की धागा लोंबत नाही, म्हणजे तार काढून झाली, आणि खोक्यात घालायला हीटर स्वतःच उचलून दिला.

बायको स्वयंपाकघरातून आली तेव्हा धागा त्याच्या खिशात होता. तो म्हणाला, माझ्या हातून एक चूक झाली. तार आत राहिली.

तिला तारेतलं फारसं कळत नसे, पण नवऱ्याचा चेहरा कळत असे. तिनं फोन काढला आणि गिऱ्हाइकाशी झालेला जुना संवाद उघडला. घेणाऱ्यानं नाव घेतलं होतं पहाटवारा. खरं नाव काय, देव जाणे. बोली लावण्याआधी विचारलं होतं की हीटर रात्रभर चालेल का, आई अंथरुणावर आहे, तिला सारखी थंडी वाजते. तेव्हा हातातला स्क्रूड्रायव्हर खाली न ठेवता मिस्त्रीनं मोठ्या ऐटीत सांगितलं होतं आणि बायकोनं ते जसंच्या तसं लिहिलं होतं : "निर्धास्त राहा. जास्त तापला की आपोआप बंद होतो."

ते वाक्य आता दोघांनी वाचलं.

मग हाका मारणं सुरू झालं. लिलावाच्या पानावरची निरोपाची खिडकी बंद झालेली होती. वस्तू पोचल्याची खूण केली की ती बंदच होते. ईमेल पाठवला तो गेल्या पावली परत आला, असा पत्ता नाही म्हणून. फोन लागला, पण उचलला एका न्हाव्यानं. हा नंबर त्याला नुकताच मिळाला होता, आधी कुणाचा होता ते त्याला ठाऊक नव्हतं. मिस्त्रीनं दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला, तिसऱ्या दिवशी पुन्हा. न जाणो, त्याला काही आठवेल. न्हावी भला माणूस. म्हणाला, काका, तुम्ही रोज करा हो फोन, पण मी रोज मीच असणार.

कंपनीच्या मदतकेंद्रातल्या मुलीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ती म्हणाली की ग्राहकांनी भरलेली माहिती तेवढीच आमच्याकडे असते. पण बाब गंभीर आहे, आम्ही त्यांना नक्की कळवू. कुठे कळवणार, असं मिस्त्रीनं विचारलं. तिनं जो ईमेल वाचून दाखवला तो मेलेला ईमेल होता. मिस्त्रीनं तसं सांगितलं. ती म्हणाली, हो, पण आमच्या बाजूनं कळवलेलं असेल.

उरलं एकच. घरचा पत्ता पहाटवाऱ्यानं दिलाच नव्हता. आई दार उघडायला उठू शकत नाही आणि मी कामावर असते, म्हणून पार्सल काउंटरवरून घेऊन जाईन असं कळवलं होतं. तेव्हा मिस्त्री डबा घेऊन बसनं त्या गावाला गेला.

काउंटर म्हणजे वह्या-पेनांच्या दुकानाचा एक कोपरा होता. दुकानदार म्हणाला की फोनवर दाखवलेला पार्सलचा आकडा जुळला की मी खोकं देतो, नाव विचारत नाही. पण हे खोकं आठवतं. एक बाई होती, अंगात एकावर एक दोन कोट. सायकलच्या मागे बांधायला तिनं सुतळी मागितली. मी दिली. डावीकडे गेली.

मिस्त्री डावीकडे गेला. रस्ता सरळ होता, मग फुटला, त्याच्या गल्ल्या झाल्या. गल्ल्यांत चार-चार मजली इमारती, प्रत्येक मजल्यावर बंद खिडक्या. जिथे जिथे जिन्याखाली सायकल दिसली तिथे तिथे तो थांबला आणि कॅरियरला सुतळीचा तुकडा अडकलाय का ते पाहिलं. सायकली पुष्कळ होत्या. एका दारात एक म्हातारबा बसले होते, त्यांना त्यानं विचारलं की अंथरुणाला खिळलेली आई कुठे राहते. म्हातारबा हसले. म्हणाले, बाबा, इथे कुठल्या घरात नाही?

परत येऊन त्यानं दुकानात एक चिठ्ठी चिकटवली. दुकानदारानं स्वतःची चिकटपट्टी दिली. पण ती बाई वह्या घ्यायला थोडीच येणार होती.

आणि मग तिचाच आवाज आला. म्हणजे आवाज कसला, अभिप्राय आला. पाचही तारे. बायकोनं पळत येऊन फोन त्याच्यासमोर धरला आणि त्यानं चष्मा न लावता वाचलं : "आईला फार आवडला. रात्रभर तिच्या उशाशी सुरू असतो. जुना हीटर सारखा मध्येच बंद पडायचा, हा एकदाही पडत नाही. देव तुमचं भलं करो."

जुना बंद पडत होता. म्हणजे उशाशी, पांघरुणाला टेकून असणार, जास्त तापत असणार, आणि त्याची चकती इमानानं आपलं काम करत होती. त्या म्हातारीला कोण जाणे किती वेळा त्या टक्नं राखलं असेल. मिस्त्रीनं फोन उपडा ठेवला. देव भलं करो हे शब्द त्याला उपड्या फोनमधूनही दिसत राहिले.

अभिप्रायाखाली विकणाऱ्याला उत्तर देता येतं. एकदाच. ही वाट त्याला ठाऊक नव्हती, वकिलानं दाखवली. मिस्त्रीनं लिहिलं की हीटर ताबडतोब बंद करा, आत तार राहिली आहे, चूक माझी आहे, मी स्वतः येऊन नेतो, मला फोन करा. आणि खाली आपला नंबर टाकला. माणूस कुणाला फोन कर म्हणाला तर नंबर देणारच. पण उत्तरात संपर्काचा तपशील घालायची मनाई होती. थोड्या वेळानं ते उत्तर तिथून नाहीसं झालं, आणि दुसरं लिहायला जागा उरली नाही.

वकील म्हणाला, आता एकच युक्ती उरली. एक नवा लिलावच मांडू. वस्तू तीच, फोटो तोच, आणि वर्णनाच्या जागी आपला निरोप. नंबर नको, फक्त निरोप. लोक चाळता चाळता वाचतात.

बायको म्हणाली, "ज्यांच्या घरी हीटर आहे, ते हीटर कशाला शोधतील?"

मिस्त्री म्हणाला, मांडू.

मग फोटो हवा म्हणून ती आपल्या फोनमध्ये मागे मागे जाऊ लागली. इस्त्री गेली, टेबलफॅन गेला, आणि तपकिरी हीटर आला. त्याचे दोन फोटो होते. एकात जाळीतून लाल धागा लोंबत होता. दुसऱ्यात नव्हता. ती दोन्ही फोटो बोटानं पुढेमागे करत राहिली. धागा आहे, नाही. आहे, नाही. खोलीत ती आणि नवरा एवढेच होते. वकील ट्रक काढायला गेला होता.

"अहो," ती म्हणाली, "तुमची ती खूण... ती मी काढली ना?"

"कुठली खूण?"

"लाल धागा. खिळ्यावरचाच असणार. तेव्हा मला वाटलं, कुठून तरी लोकर अडकलीय. उंदराच्या शेपटीसारखी दिसत होती."

मिस्त्रीचा हात खिशावर गेला आणि तिथेच राहिला. "गाठ सैल होती," तो म्हणाला. "ती गाठ मारणारा मी. आणि उघडून न बघता खोक्यात घालायला देणाराही मीच."

"पण ओढली तर मी."

"तू ओढली नसतीस तर वाटेत गळून पडली असती."

हे खरं नव्हतं, दोघांनाही ठाऊक होतं. तिनं पदर डोळ्यांना लावला नाही, नवऱ्याला दोषही दिला नाही. ती फक्त त्याच्या शेजारी स्टुलावर बसली, आणि त्यानं खिशातून धागा काढून तिच्या तळहातावर ठेवला. तिनं तो गुंडाळला नाही. उठून खिळ्याला अडकवला.

लिलाव मांडला तो धागा दिसणारा फोटो लावून. मथळा तिनंच सुचवला : हीटर घेणाऱ्यांनी कृपया वाचावे. लोकांनी वाचलंही. एकानं विचारलं, धागा वेगळा मिळेल का. एकीनं कळकळीनं लिहिलं की ही खरी माणुसकी, आणि सोबत हात जोडल्याचं चित्र टाकलं. पहाटवाऱ्याकडून काही आलं नाही. मुदत संपली की लिलाव खाली पडे, आणि ती पुन्हा वर चढवी, देवापुढचा दिवा विझला की लावावा तसा, चडफड न करता.

थंडी मात्र सरत नव्हती. मिस्त्रीनं हीटर घेणं थांबवलं. कुणी दारात आणून ठेवला तरी तो म्हणे, पंखा असेल तर बोला. रस्त्यावरून अग्निशमनाची गाडी घंटा वाजवत गेली की हातातलं काम तसंच राही. ते गाव बसनं कितीतरी लांब होतं, तिथली गाडी इथे कशी ऐकू येईल, हे त्याला कळत होतं. कान ऐकत नव्हते. न्हाव्याला तो अजून फोन करी. न्हावी आता विचारतही नसे, आपणच सांगे, नाही हो काका, आजही नाही.

एका संध्याकाळी मुदत पुन्हा संपली. बायको चादरीजवळ फोन घेऊन बसली आणि निरोप नव्यानं लिहू लागली, कारण जुना तिला लांबलचक वाटत होता. चूक कशी झाली, तार कुठली, चकती कुठली, कुणाला वाचायला वेळ आहे? तिनं एकेक वाक्य काढून टाकलं. माफीही काढली. मग विचारलं, "फोन करा म्हणून लिहू का? पुन्हा काढून टाकतील."

मिस्त्री खिळ्याकडे बघत होता.

"नको," तो म्हणाला. "लिही, आम्हाला कळवलं नाही तरी चालेल. फक्त बंद करा."